माझी गोटी कोणी मारेना

आमच्या घरी अष्टचंग खेळताना कोणी कोणावर दया दाखवत नाही. जावई असो, पाहुणा असो, पोरगी बारावीचा पेपर देऊन आलेली असो, गोटी टप्प्यात आली की मारायची, आणि मारताना गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं. ज्याची गोटी मेली त्यानं उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायचा. वर्ध्याजवळच्या सेलूच्या आमच्या गल्लीत रविवारी दुपारी सगळ्यात जास्त चहा मी केला आहे. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा मीच मेलो आहे, आणि बहुतेक वेळा बायकोच्या हातून.

हे आधी सांगतो, कारण मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो किती पुढे गेला हे मला डॉक्टरांकडून कळायच्या आधी या पटावर कळलं. तुमच्या घरी असा पेशंट असेल, किंवा तुम्हीच तो असाल, तर माझं लिहिणं कदाचित उपयोगी पडेल. औषधांची नावं लिहिणार नाही. मला ती अजून नीट म्हणताही येत नाहीत.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. फरशीवर खडूनं पाच-पाच घरांचा चौकोन काढायचा. चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फाका फाशासारख्या टाकायच्या. प्रत्येकाच्या चार गोट्या बाहेरच्या घरांमधून चक्कर मारतात, मग आतल्या घरांत शिरतात आणि शेवटी मधल्या घरात पोचतात. पण एक अट आहे. दुसऱ्याची निदान एक गोटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. नाही मारली तर बाहेरच फिरत बसा, बाजारात चुकलेल्या म्हशीसारखं.

ही अट लक्षात ठेवा.

माझं पोट आणि तिचं तोंड

मी तहसील कचेरीत बाबू. रक्त पडायला लागलं तेव्हा मी स्वतःच निदान केलं, मूळव्याध. कचेरीत तर डॉक्टरच डॉक्टर. आवक-जावकवाल्यानं ताक सांगितलं, ड्रायव्हरनं सुरण सांगितला, शिपायानं कुठलासा पाला आणून दिला. मी तिन्ही केलं. वजन उतरलं तेव्हा पँट कमरेला घट्ट करून घेताना मला आनंदच झाला होता.

शेवटी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला हाताला धरून वर्ध्याला नेलं. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आधी विचारलं, "सोबत घरचं कोणी आहे का?" सुनंदा आत आली. मग ते बोलले ते सगळं तिच्याकडे बघून. पोट माझं, आणि ते बोलत होते तिच्या तोंडाकडे पाहून. मधे कुठेतरी 'कॅन्सर' शब्द आला. मी इतकंच विचारलं, "म्हणजे सर, रजा किती टाकू?"

सुनंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्नानंतर परक्या माणसासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं, आणि मी घाबरलो तो त्या हातामुळे.

बाहेर फाटकापाशी तिनं आलूबोंडे घेतले. दोघांनी उभ्यानं खाल्ले. "तिखट हाय," ती म्हणाली आणि डोळे पुसले. तिखट नव्हते.

त्या रविवारी

पुढच्या रविवारी गजू आला. गजू म्हणजे शाळेपासूनचा माझा दोस्त, मागच्या गल्लीत त्याचं शिलाईचं दुकान. त्याला सगळं कळलं होतं. पल्लवी, आमची एकुलती एक मुलगी, वर्ध्याला होस्टेलवर राहून शिकते, तीही बातमी ऐकून घरी आली होती. चौघंही फरशीकडे बघत बसलो. खडू कोणी हातात घेईना. मग मीच पट काढला. रेघा वाकड्या आल्या.

डाव मध्यावर आला आणि माझी गोटी गजूच्या टप्प्यात सापडली. त्यानं आपली गोटी उचलली आणि हवेतच धरून ठेवली.

"काऊन थांबला बे?" मी म्हटलं.

"मारू का अरुण्या?"

"मार नाई तर उठ अन् घरी जा. दया पाह्यजे असती तर देवळात गेलो असतो."

त्यानं मारली. ओरडलाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत नाही, फार तर आमच्या दारापर्यंत. सुनंदा चहासाठी उठायला लागली तर मी तिला खाली बसवलं. मेलो मी, चहा मीच ठेवणार. साखर घालायची राहिली. चौघांनी तो चहा तसाच प्यायला.

आजार गंभीर होता, पण त्या दिवशी माझी गोटी मारली गेली. हेही लक्षात ठेवा.

नागपूरच्या वाऱ्या

नागपूरला ऑपरेशन झालं. मग केमो सुरू झाला. विलास, सुनंदाचा धाकटा भाऊ, वर्ध्याला मास्तर आहे. त्यानं सगळं अंगावर घेतलं. गाडी त्याची, फाईल त्याच्या हातात, डॉक्टरांशी बोलणं त्याचं. मी मागच्या सीटवर उशी घेऊन बसायचो. जाताना ऊस, कपाशी, टोलनाका बघायचो. येताना फक्त प्लास्टिकची पिशवी बघायचो, कधी लागेल सांगता यायचं नाही म्हणून.

केमोबद्दल लोक केसांचं विचारतात. माझे आधीच फार नव्हते, त्यामुळे तो धक्का मला विशेष बसला नाही. मला छळलं ते थंडीनं. त्या औषधानंतर थंड वस्तूला हात लावला की बोटांतून करंट जातो. स्टीलचा ग्लास धरता येत नव्हता, फरशीवर अनवाणी उभं राहता येत नव्हतं. उन्हाळ्याच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात पायमोजे घालून फिरणारा मी एकटाच असेन. शर्टाची बटणं सुनंदा लावायची. चिंचोके धरले तरी हातात आहेत की पडले ते डोळ्यांनी बघूनच कळायचं.

चव गेली. वरण आणि गरम पाणी यांत फरक राहिला नाही. सुनंदा विचारायची, "मीठ बरोबर हाय ना?" मी म्हणायचो, "एकदम बरोबर." एकदा तिनं मीठ घातलंच नव्हतं आणि मग विचारलं. तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं.

मधे एक स्कॅन झाला. रिपोर्टच्या दिवशी विलासनं मला गाडीतच बसवलं. "गर्दी लय हाय भाऊजी, तुमाले इन्फेक्शन नको." बराच वेळ लागला. आला तो घाम पुसत.

"सगळं ठीक हाय. फक्त औषध बदलून राह्यले. जरा पावरफुल देतो म्हणे."

पावरफुल म्हटल्यावर मला बरं वाटलं. कचेरीत नवा कॉम्प्युटर मिळाल्यासारखं.

माझं नशीब उघडलं

त्यानंतर मी जिंकायला लागलो.

गजू यायचा बंद झाला. "लग्नसराई हाय गड्या, शिलाई लय पडून हाय," असं फोनवर सांगायचा. आषाढ लागला होता. आषाढात कोणाचं लग्न लागतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पल्लवी परीक्षेमुळे होस्टेलवरच राहिली होती. गजूच्या जागी विलास खेळायला बसू लागला. हा माणूस आयुष्यभर या खेळाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत आला होता. आता दर रविवारी वर्ध्याहून येऊन मांडी घालून बसायचा आणि विचारायचा, "भाऊजी, आता कोणती चालू?"

सुनंदा विलासला मारायची, विलास सुनंदाला मारायचा. दोघंही आळीपाळीनं चहा ठेवायचे. मी आरामात मधल्या घरात जाऊन बसायचो. मला वाटलं, केमोनं हात सुधारला. फोनवर पल्लवीजवळ बढाईही मारली.

"बाबा, आई हरून राह्यली?" तिनं विचारलं.

"दर डावाला."

"आई?" ती पुन्हा म्हणाली. मी बढाईत होतो, माझं लक्ष नव्हतं.

आर्वीचे काका

नवं औषध हळूहळू चढायचं. नागपूरच्या वॉर्डात सकाळी सुई लावली की दुपार उलटेपर्यंत पलंगावर. मेडिकलमधून खोक्याचा पुठ्ठा मागून सुनंदानं त्यावर बॉलपेनानं पट काढला होता. तिच्या गोट्या म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं, माझ्या म्हणजे माझ्याच शर्टाची बटणं. तिथे आम्ही दोघंच खेळायचो.

शेजारच्या पलंगावर आर्वीकडचे एक काका होते. तोंडाला पट्टी, पण बोलणं थांबत नव्हतं. ज्यांना खेळायला मिळत नाही ते लोक बाजूला बसून सगळ्यात चांगले खेळतात, त्यातले ते. माझ्या प्रत्येक चालीवर त्यांचा एक "अरेरे" असायचा.

त्या दिवशी सुनंदाच्या चारही गोट्या बाहेरच फिरत होत्या. तिनं मारलंच नव्हतं कोणाला, आत शिरणार कशी? एक चक्कर, दुसरी चक्कर. तिनं दोन पाडले. तिच्या गोटीपासून दोन घरांवर माझं बटण होतं. तिनं दुसरीच गोटी दोन घरं सरकवली.

"ओ बाई," काका पलंगावर उठून बसले, "समोर हाय ना त्याइची गोटी! दिसून नाई राह्यलं का?"

"नाई दिसली जी," सुनंदा म्हणाली.

"मघाशीबी नाई दिसली. त्याच्या आंधीबी नाई दिसली. चष्मा घ्या बाई, दवाखान्यातच हाओत."

वॉर्डात दोघंतिघं हसले. मीही हसलो. सुनंदा हसली नाही. खाली बघून चिंचोके गोळा करत राहिली.

हसता हसता मी मागचे डाव आठवू लागलो. गेल्या कितीतरी डावांत माझी एकही गोटी मेली नव्हती. ही बाई लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, माझ्या आईदेखत, माझ्या तीन गोट्या ओळीनं मारून टाळ्या पिटणारी. हिला दिसलं नाही?

मी मुद्दाम माझं बटण तिच्या गोटीच्या अगदी पुढच्या घरात नेऊन ठेवलं. तिचा एकच पडला. काका श्वास रोखून बघत होते. तिनं हात पुढे नेला, थांबली, आणि लांबच्या कोपऱ्यातली गोटी एक घर सरकवली.

"च्च!" काका आडवे झाले. "यायच्याशी खेळण्यात मजा नाई."

"तू मारत काऊन नाहीस?" मी हळूच विचारलं.

"मंग चहा कोण ठेवन? तुमाले उठता येत नाई."

"चहा नाही ठेवत मी. आता मार."

ती चिंचोके मुठीत खुळखुळवत राहिली.

"कॅन्सर झाला हे कळलं त्या रविवारी गजूनं मारली होती. मग आता असं काय आहे?"

तिनं पुठ्ठा उचलून पलंगाखाली ठेवला. बाटली घेऊन पाणी भरायला गेली. पाणी पलंगापासून चार पावलांवर होतं, पण ती बऱ्याच वेळानं आली. बाटली रिकामीच होती.

"लिव्हरमंधी गेलं म्हंते," ती म्हणाली. "त्या स्कॅनमंधी दिसलं. विलासनं डॉक्टरले सांगतलं, पेशंटले सांगू नका, त्याइचं मन कच्चं हाय."

मला पहिल्यांदा राग आला तो 'मन कच्चं' याचा. तहसीलमध्ये मी इतके साहेब पचवले, लोकांचे शिव्याशाप पचवले, आणि मन कच्चं? मग रागाच्या मागून दुसरं जे यायचं होतं ते आलं. सलाईनची नळी हलू नये म्हणून मला धड रडताही येईना. सिस्टर येऊन ओरडली, "काका, हात सरळ!" मी हात सरळ ठेवला आणि दुसऱ्या बाजूला तोंड केलं. त्या बाजूला आर्वीचे काका होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पट्टीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

राग

विलासशी मी काही दिवस बोललो नाही. गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघायचो आणि तो आरशातून माझ्याकडे बघायचा. शेवटी टोलनाक्याच्या रांगेत तोच म्हणाला, "भाऊजी, मले सांगता आलं नाई. मन माह्यंच कच्चं हाय. तुमच्या नावावर खपवलं."

त्यावर काय रागावणार? मी म्हटलं, "पुढे बघून गाडी चालव."

गजूच्या दुकानात मी स्वतः गेलो. मला पायमोज्यांत बघून त्यानं मशीन थांबवली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "विलासनं सांगतलं मले. मंग तुह्या संग खेळू कसा? मारू तर हात उठत नाई, अन् न मारता खेळणं मले येत नाई. म्हणून आलोच नाई." आणि त्यानं माझ्या शर्टाला एक बटण लावून दिलं. वॉर्डात खेळताना हरवलं होतं त्याच्या जागी. बटण लावताना सुई त्याच्या बोटात दोनदा गेली.

हे मी का सांगतो? लपवणारे लोक वाईट नसतात. पण त्यांना माझ्याशी खेळता येईना, जेवता येईना, मिठाचं भांडण करता येईना. मी जिवंत असताना माझ्या भोवती सगळे चपला हातात घेऊन चालत होते.

आणि मी काय केलं

इतकं शहाणपण आल्यावर माणसानं काय करावं? मी आणि सुनंदानं बसून ठरवलं की पल्लवीला सांगायचं नाही. परीक्षा होऊ दे, मग बघू. सुनंदा म्हणाली, "पोरगी हाय, तिले झेपन नाई." मी मान डोलावली. विलासचा शब्द फक्त आमच्या तोंडी आला होता, आणि आम्हाला दोघांनाही ते कळलं नाही.

परीक्षा संपवून ती घरी आली. सुनंदा बाजारात गेली होती. पल्लवीनं पट काढला, रेघा सरळ. आम्ही दोघंच बसलो. चांगला डाव चालला होता, मी तिला होस्टेलच्या मेसबद्दल विचारत होतो, ती नक्कल करून दाखवत होती. एकाएकी ती थांबली.

"बाबा, तुमचे तीन पडले."

"हो."

"माही गोटी तिसऱ्या घरात हाय."

मी पाहिलं. होती. मी आधी पाहिलीही होती. देवाशप्पथ सांगतो, मी ठरवून सोडली नव्हती. माझा हात आपोआप दुसरीकडे गेला होता.

"मघाशीबी सोडली तुमी. म्या म्हटलं चुकून सोडली असन." तिनं चिंचोके खाली ठेवले. "तुमी मले कधी सोडत नाई. बारावीच्या पेपराच्या दिवशीबी मारली होती. काय झालं बाबा?"

"काही नाही."

"आई हरून राह्यली, असं फोनवर म्हणाले होते तुमी. तवाच मले कसंतरी वाटलं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "काय झालं?"

मी सांगितलं. लिव्हर, नवं औषध, सगळं. वाटलं त्यापेक्षा कमी वाक्यांत संपलं.

तिनं आपली गोटी पटावरून उचलून मुठीत घेतली. मग तिनं विचारलं, "आईले माहीत हाय?"

"हो."

"मामाले?"

"त्याला सगळ्यात आधी."

"गजूकाकाले?"

"हो."

"मंग मीच राह्यली होती का?"

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सुनंदा भाजीची पिशवी घेऊन आली तेव्हा मी पटासमोर एकटाच बसलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, पिशवी तशीच ठेवून माझ्याजवळ फरशीवर बसली. आतून रडण्याचा आवाज येत होता. लहान असताना ती रडली की आम्ही दोघंही धावायचो. आता धावावं की नाही, दोघांनाही ठरवता येईना.

केबिन

पुढच्या वेळी नागपूरला सुनंदासोबत पल्लवीही आली. डॉक्टरांनी सवयीनं विलासकडे बघून बोलायला सुरुवात केली. विलास मागे सरकला. "सर, त्याइच्याशीच बोला," तो माझ्याकडे हात करून म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

डॉक्टर माझ्याशी बोलले. औषध सध्या चालू ठेवायचं, पुढचा स्कॅन कधी, त्यात काय बघायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. एक प्रश्न इतके महिने माझ्या मनात होता. सुनंदाच्याही असणार, पण एकमेकांना जपायचं म्हणून दोघांपैकी कोणीच तो बाहेर काढला नव्हता.

पल्लवीनं विचारला. "अन् सर, हे औषध नाई चाललं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि उत्तर दिलं. गोलगोल बोलले नाहीत. उत्तर चांगलं नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझ्या पोटाचं आहे, तुमचं वेगळं असेल. तुमचं तुम्ही विचारा. पण ज्यांचा जीव तुमच्यात अडकला आहे त्यांना सोबत घेऊन विचारा. ते उत्तर आम्ही तिघांनी एकाच वेळी ऐकलं, आणि ऐकताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणालाच नजर चुकवावी लागली नाही.